अण्णांच्या कानातली पांढरी तार

हसा, खुशाल हसा. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना असा ठसका लागला की त्यांच्या बायकोनं माझ्याशी बोलणंच टाकलं. आणि एक सांगून ठेवतो, अशी फजिती नुसत्या मूर्खपणावर होत नाही. त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागते!

एकोणीसशे साठच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. मी निपाणीचा, नोकरीला बंगलोरला. सरकारी कारखाना, रेडिओ आणि बिनतारी यंत्रं बनवणारा. तिथं मला कुठं टाकलं असेल? ट्रान्सफॉर्मर विभागात! सकाळी जायचं, तांब्याची तार गुंडाळत बसायचं आणि संध्याकाळी उठायचं. आता तुम्ही मला ओळखता. मला एका जागी बसवतं का? माझे पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखे हलत असतात. हातात स्क्रू ड्रायव्हर असला की समोरची वस्तू उघडलीच पाहिजे, मग ती बिघडलेली असो की धडधाकट. राजाजीनगरात ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहत होतो, ते घरमालक तर मी जिन्यात दिसलो की रेडिओ कपाटात ठेवून कुलूप लावायचे.

अशा माणसाला तार गुंडाळायला बसवलं तर तो काय करणार? मी जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या सुट्टीत, इतकंच काय, साहेब समोर बोलत असतानासुद्धा टेबलाखाली एक यंत्र जुळवत होतो. ऐकू न येणाऱ्या माणसानं अंगावर वागवायचं यंत्र. सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, आत चार ट्रान्झिस्टर, एक छोटा सेल, डबीतून निघालेली तार आणि तारेच्या टोकाला कानात बसवायची गुंडी. आवाज डबीत शिरायचा आणि मोठा होऊन कानात निघायचा. परदेशात असली यंत्रं मिळत होती, पण ती आपल्या माणसापर्यंत पोचणार कधी? म्हटलं, आपणच करू.

एक दिवस आमच्या विभागाच्या मुख्य साहेबांनी, इनामदार साहेबांनी, मला रंगेहाथ पकडलं. आता नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. पण त्यांनी डबी घेतली, गुंडी स्वतःच्या कानात घालून पाहिली आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"निपाणीकर, आमच्या अण्णांना ऐकू येत नाही हो."

अण्णा म्हणजे साहेबांचे वडील. उभा जन्म धारवाडला शाळामास्तर, आता मुलाकडे जयनगरात. संध्याकाळी घराजवळच्या मठात जायचे. तिथल्या कट्ट्यावर त्यांच्या वयाची मंडळी जमायची. गप्पा, थट्टा, राजकारण, भांडणं. अण्णा मधोमध बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायचे.

"सगळे हसले की ते मागाहून हसतात," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मलाही कसंतरीच झालं, खरं सांगतो.

मग साहेब परत साहेब झाले. "अण्णा मठात चार माणसांत बसून बोलताहेत, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं की तुमच्या यंत्राची फाईल मी वर पाठवतो. तुम्हाला वेगळी खोली, वेगळं काम. नाही दिसलं, तर तार गुंडाळा. पेन्शनपर्यंत गुंडाळा!"

पेन्शनपर्यंत! माझे पाय जे हलायला लागले ते घरी जाईपर्यंत थांबले नाहीत.

अण्णांना पहिल्यांदा भेटलो. उंच, ताठ, चेहऱ्यावर मास्तरकी. मी चामड्याच्या पिशवीत घालून नेलेलं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "चामड्याची पिशवी? ही अंगावर घेऊन मठात जाऊ मी?"

खरंच की! हे कुठल्या परदेशी मासिकात लिहिलेलं नव्हतं. साहेबांच्या आईंनी, त्यांना सगळे अक्का म्हणत, जुन्या रेशमी सोवळ्यातून पिशवी शिवून दिली. मठात चामडं चालत नाही, रेशीम चालतं. मग दुसरी अडचण. मी डबी खिशाच्या मापानं केलेली, आणि मठात पुरुषांनी सदरा काढूनच आत जायचं! उघडं अंग, वर उपरणं. सदरा नाही म्हणजे खिसा नाही. बरं, पिशवी गळ्यात अडकवून उपरण्याखाली झाकली. उरली तार. काळी, जाड, कारखान्याची तार, छातीवरून निघून उजव्या कानापर्यंत जाणारी. डावा कान पार गेलेला होता, उजव्यातच काय ती धुगधुगी.

"हे सगळ्यांना दिसणार," अण्णा म्हणाले. "बहिरा म्हणून पाटी लावतोस काय मला? कोणाला दिसता कामा नये. नाहीतर मी घालणार नाही."

आणि इथं माझी अक्कल चमकली! म्हटलं, उघड्या अंगावर असलेली, पण कोणाच्याही नजरेत न भरणारी दोरी कोणती? मी एक केसासारखी बारीक तार मिळवली. बाजारातून जानव्याचं सूत आणलं. ते सूत तारेवर असं घट्ट पिळून बसवलं की जानवं कुठलं आणि तार कुठली, माझं मलाच कळेना. छातीवर अण्णांचं जानवं, त्यातच मिसळून गेलेली माझी तार आणि तिथून ती सरळ वर उजव्या कानात.

तुमच्यातले दोघं-तिघं आत्ताच गालातल्या गालात हसायला लागले. तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या नाही आलं! मी हॉस्टेलात वाढलेला माणूस, माझ्या जानव्याचा उपयोग ट्रंकेची किल्ली अडकवायला. आणि अण्णांच्या कसं नाही आलं म्हणाल, तर स्वतःचा कान कोणाला दिसतो का?

अण्णांनी माझ्या पाठीत थाप मारली. "शाबास! कोणाच्या बापाला कळायचं नाही!"

आणि कोणाच्याही बापाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलो तो तडक जयनगर गाठलं. अण्णा व्हरांड्यात तोंड पाडून बसलेले.

"काय अण्णा, ऐकू आलं?"

"आलं. घंटा ऐकू आली. कावळा ऐकू आला. चपला ऐकू आल्या. माणूस तेवढा ऐकू येत नाही."

"माणूस येत नाही? मग आत्ता मी बोलतोय ते?"

"ते येतंय की! ओरडू नको."

आता आली का पंचाईत? घरात माणूस ऐकू येतो आणि मठात येत नाही! मी डबी उघडली, तपासली. सगळं ठीक. मला राहवेना. पुढच्या दिवशी मी मठाच्या फाटकाशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून स्वतःच बघितलं. अण्णा आत शिरले. कट्ट्यावर रंगात आलेल्या गप्पा थांबल्या. लोक भराभर बाजूला सरकले, वाट मोकळी झाली, कोणी मान खाली घातली, कोणी लगबगीनं उपरणं सावरलं. अण्णांचे जिवलग मित्र भीमण्णा, तेसुद्धा उठून अदबीनं बाजूला उभे! काय हा मान! मास्तर असावं तर असं! माझाच ऊर भरून आला.

पण मग आवाज कुठं गेला?

माझा पहिला संशय दगडी मंडपावर. आवाज दगडावर आपटून फिरत असणार. डबी उघडली, दोन जोडण्या बदलल्या. फरक नाही. दुसरा संशय नव्या ट्यूबलाइटवर. परत डबी उघडली. फरक नाही. तिसरा संशय मठाच्या शिखरावरच्या तांब्याच्या कळसावर. एवढा मोठा तांब्याचा कळस म्हणजे एरियलच की! त्यावर तोडगा म्हणून यंत्राची ताकद वाढवली. अण्णा म्हणाले, "आता मला शेजारच्या गल्लीतला कावळासुद्धा ऐकू येतो. माणूस नाही."

आणि त्यात पुढचं कोडं. अण्णा म्हणाले, "तुझं यंत्र घातल्यापासून मला होळिगे मिळत नाही."

"काय?"

"काल मठात जेवण होतं. सगळ्या पंगतीला होळिगे. वाढपी माझ्यापाशी आला, मला बघून थांबला, हात जोडले, पानात मोसरन्न घातला आणि पुढं गेला. नुसता दहीभात!"

होळिगे म्हणजे पुरणपोळी. आता सांगा, ट्रान्झिस्टरचा आणि पुरणपोळीचा काय संबंध? मी डोकं खाजवून खाजवून बेजार. त्यातच साहेबांच्या घरी ताकाचे तांबे यायला लागले. कोणी डाळिंबाची साल पाठवली. भीमण्णांकडून जायफळ उगाळून आलं. अक्का मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "निपाणीकर, तुमच्या यंत्रानं पोट बिघडतं का हो?"

तुम्ही हसताय, पण मी खरोखर ग्रंथालयात जाऊन बसलो. कानातली वीज आतड्यात उतरते का, हे बघायला!

अण्णा दहीभातावर वाळत चालले. साहेब रोज एकच प्रश्न विचारायचे, "झालं?" आणि मी रोज एकच उत्तर द्यायचो, "थोडं राहिलंय." शेवटी त्यांनी निकालच लावला. "रामनवमीला मी स्वतः मठात येतो. त्या दिवशी काय ते दिसेल."

रामनवमी उजाडली. मठात ही गर्दी! पानकाचे, म्हणजे गूळपाण्याचे हंडे, भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीच्या पराती, मज्जिगे म्हणजे ताक. प्रत्येकाच्या हातात द्रोण. मीही या खेपेला धोतर नेसून, सदरा काढून आत. साहेब खांबाजवळ हात जोडून उभे, पण डोळे मूर्तीकडे नाहीत, दाराकडे.

अण्णा आले. नळ बंद करावा तशा गप्पा बंद. वाट मोकळी. अण्णा मंडपाच्या मध्यापर्यंत चालत आले आणि थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी त्यांचा चेहरा बघितला. गेला महिनाभर हा म्हातारा रोज कान देऊन उभा राहत होता, आणि एक माणूस तोंड उघडत नव्हता.

"अरे, बोला की रे कोणीतरी माझ्याशी!" अण्णा गरजले.

मंडपात वीज पडली असती तरी बरं. "अय्यो रामा!" "बोलले!" "तसेच बोलले हो!" म्हाताऱ्यांनी डोळे मिटले, बायकांनी पदर सावरून पाठ फिरवली, बघता बघता सगळ्या मठानं तोंड दुसरीकडे केलं. तेवढ्यात अण्णांनी माझा दंड धरला, कानातली गुंडी उपसली, पिशवी काढून माझ्या गळ्यात घातली.

"घे! आता तूच घाल. आणि दाखव मला या मठात माणूस ऐकून!"

मी घातली. उजव्या कानात गुंडी नीट बसवली आणि छाती काढून लोकांकडे वळलो. काय आवाज येत होता म्हणून सांगू! घंटा, खणखणीत. कावळा, स्वच्छ. चपला, एकेक वेगळी. माणूस? नाही! एकही नाही! अण्णा खरं सांगत होते!

इतक्यात भीमण्णा वळले. त्यांनी मला बघितलं. मग हातातल्या द्रोणाकडे बघितलं. मग परत मला. आणि द्रोण हळूच खाली ठेवला.

"ह्याला पण लागलं?" ते शेजारच्याला कुजबुजले. "कोसंबरी कधी केलीती रे?"

माणूस ऐकू आला! मला इतका आनंद झाला की शब्दांकडे लक्षच गेलं नाही. मी बघत राहिलो, तर एकेक द्रोण खाली. पानकाचे पेले खाली. सगळा मठ माझ्याकडे बघत आपापला प्रसाद जमिनीवर ठेवत होता.

"अहो, मी..."

"शूऽऽ!" चहूकडून. सगळ्यांची बोटं ओठांवर.

कोणीतरी माझ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या दिला. मला वाटलं, मान आहे, घ्यावा. भीमण्णा खुणेनं पुढं झाले. दोन्ही बाजूंना दोन माणसं. मला मागच्या दारानं, विहिरीवरून, लगबगीनं चालवत त्यांनी एका पत्र्याच्या दारापाशी आणलं, दार उघडलं, मला आत घातलं आणि लोटून घेतलं. बाहेरून भीमण्णांचा मायेचा आवाज आला, "सावकाश होऊ दे. स्वल्पसुद्धा गडबड नको."

मी आत. संडासात. हातात तांब्या.

पत्र्याच्या फटीतून उजेडाची तिरीप येत होती. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी तांब्यात मी मला दिसलो. उघडं अंग, छातीवर जानवं आणि त्यातूनच निघून सरळ उजव्या कानावर गेलेला पांढरा दोरा.

देवा! कानावर जानवं! परसाकडे जाताना आपले वाडवडील जन्मभर जे करत आले तेच! कानावर जानवं असलेल्या माणसानं बोलायचं नसतं, त्याच्याशी कोणी बोलायचं नसतं, त्याची वाट अडवायची नसते. आणि माझ्या कृपेनं अण्णा महिनाभर रोज संध्याकाळी कानावर जानवं चढवून मठात मिरवत होते! म्हणून ती मोकळी वाट. म्हणून दहीभात. म्हणून जायफळ!

मी बाहेर जाऊन खुलासा करणार, तोच माझ्या कानात बाहेरचं बोलणं यायला लागलं. यंत्राची ताकद मीच वाढवलेली. दार नव्हतंच जणू.

"साहेब, एक बोलू का?" भीमण्णा. "वडलांना चांगल्या डॉक्टरला दाखवा की. महिना झाला, जानवं कानावरून खाली येईना झालंय बघा. आम्ही बोलायचं तरी कधी त्यांच्याशी?"

"कसलं जानवं?" साहेब.

"कानावरचं. आत्ता त्या पोराच्या कानावर पण."

मधे बराच वेळ नुसता कावळा.

"भीमण्णा," साहेबांचा आवाज खोल गेला होता, "ते जानवं नाही हो. ते ऐकायचं यंत्र आहे. अण्णांना तुमचं बोलणं ऐकता यावं म्हणून केलेलं."

आणि मग जे हसणं सुरू झालं! सुरुवात भीमण्णांनी केली, मग कट्टा, मग मंडप, मग बायकांची बाजू. माझ्या यंत्रानं एकेकाचं हसणं वेगळं वेगळं काढून माझ्या कानात ओतलं.

"आणि तो आत कोंडलाय तो कोण?" कोणीतरी विचारलं.

"तो इंजिनिअर."

परत पहिल्यापासून!

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा. अण्णा! "अरे, बाहेर ये! हे सगळे माझ्याकडे बघून बोलतायत, हसतायत, माझ्या खांद्यावर हात ठेवतायत, आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही! माझं यंत्र दे!"

मी दार उघडलं. मान खाली घालून गुंडी काढली, पिशवी काढली, पुढं धरली. अण्णांनी घाईघाईनं हात पुढं केला आणि तसाच थांबवला. माझ्याकडे बघितलं. माझ्यामागच्या दाराकडे बघितलं. यंत्राकडे बघितलं.

"हे घालून तू आत बसला होतास?"

त्यांनी चिमटीत धरून पिशवी उचलली आणि विहिरीच्या काठावर भरून ठेवलेल्या बादलीकडे वळले.

"अण्णा, नको! त्याला पाणी चालत नाही! आत ट्रान्झिस्टर आहेत!" मी ओरडलो. साहेब ओरडले. भीमण्णाही ओरडले. अण्णांनी आमच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघून शांतपणे हात वर केला.

"थांबा, थांबा. आधी धुवून घेतो. मग कानाला लावतो. मग सावकाश सांगा काय सांगायचंय ते."

आणि पिशवीसकट यंत्र बादलीत बुडवलं. चांगलं खळबळून. चार बुडबुडे वर आले. ट्रान्झिस्टरही चारच होते.

सोमवारी मी ट्रान्सफॉर्मर विभागात तार गुंडाळत होतो. साहेब समोरून जायचे-यायचे, पण बोलायचे नाहीत. पाय टेबलाखाली हलत राहायचे, हात तार गुंडाळत राहायचे. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा साहेब माझ्या टेबलाशी थांबले.

"अण्णांचा निरोप आहे तुम्हाला."

मी तार सोडून उभा राहिलो.

"म्हणाले, त्या पोराला सांग, यंत्र फार गुणाचं निघालं. बंद पडल्यापासून सगळा मठ कानाशी येऊन ओरडून बोलतो. भीमण्णा तर शेजारीच बसतात. परवा सगळ्यांच्या आधी हसले म्हणे अण्णा. होळिगेसुद्धा दोन दोन वाढतात."

माझ्या जिवात जीव आला. धीर करून विचारलं, "मग साहेब, फाईल? तुम्ही म्हणाला होतात, अण्णा चार माणसांत बोलताना दिसले की..."

"दिसले की. रोज दिसतात. पण वर लिहू काय? यंत्र बादलीत बुडवून मग वापरावं?"

ते जायला निघाले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"आणि हो, अण्णांनी आणखी एक सांगितलंय. दुरुस्त करायला मात्र येऊ नकोस म्हणाले."